चार बोटं

विम्याच्या अर्जावरची हिरव्या शाईतली ती खूण... 'नाही'च्या रकान्यात अशी नेटकी बसलेली, की तिला हसूच आलं. आयुष्यात त्या माणसाने एक काम नीट केलं असेल तर ते खोटं लिहिण्याचं. प्रश्न अकरावा : दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढता का? नाही. खाली गेलेल्या नवऱ्याची सही, शेपूट वर उडवलेली – मोठा लागून गेला होता!

"दावा नामंजूर का झाला, ते समजलं ना बाई?" टेबलापलीकडच्या विम्याच्या साहेबाने विचारलं.

न समजायला मी काय दुधखुळी आहे... याच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं लोंबतंय, आणि हा लोकांचं खरंखोटं करणार. बाहेर बाकावर भाऊ तोंड पाडून बसला होता, दुःखाने नव्हे – पैसे मिळाले नाहीत तर ताई आपल्या गळ्यात पडणार म्हणून. त्याच्या घरातली ती जिन्याखालची खोली, आणि वहिनीचं "राहा की, आम्ही काय नको म्हणतोय?"... त्या कल्पनेनेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यांनी लपवलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

साहेबाने इस्पितळाचा कागद तिच्यापुढे सरकवला. दिवसाला दोन पाकिटं, वीस वर्षं. माहिती देणार : पत्नी.

पत्नी... म्हणजे मी. हो, सांगितलं होतं मी त्या पोरगेल्या डॉक्टरला, सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात – कारण वीस वर्षं गॅलरीचं दार लोटून घेणाऱ्या आणि तोंडात लवंग धरून साळसूदपणे परत येणाऱ्या माणसाचं सोंग एकदाचं चव्हाट्यावर आणायचं होतं. नवरा ऑक्सिजनच्या मास्कखालून काहीतरी बोलायला गेला. जमलं नाही, तेव्हा हात उचलून त्याने चार बोटं दाखवली. दिवसाला चार, म्हणे! "आता तरी खरं बोला," ती म्हणाली होती. त्याने बोटं मिटली नाहीत... शेवटी नर्सनेच तो हात खाली ठेवला.

पण दोन पाकिटं हे आलं कुठून? शेजारणीपाशी बोलताना कधीतरी एकाचं दोन झालं असेल. आई म्हणायचीच, तुझ्या जिभेला हाड नाही. गॅलरीतला थोटकांचा डबा तर तिने रोज नाक मुरडून, न बघताच उपडा केला होता.

"बोलण्याच्या भरात चुकून सांगितलं, असं लिहून दिलंत तर वर पाठवून बघतो," साहेबाने कोरा कागद पुढे केला. "दिवसाला नेमक्या किती, तेही लिहा. पण खरं लिहा हं."

खरं लिहा म्हणे! त्याला काहीतरी लागट बोलायचं सोडून तिने कागद पुढे ओढला. चार लिहावं, तर तो बिचारा खरा होता, आणि मी... न लिहावं, तर जिन्याखालची खोली. तिने पेन टेकवलं. शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला, आणि वीस वर्षं त्या दाराच्या अलीकडे काढूनही तो किती ओढायचा, ते तिला ठाऊक नव्हतं.