उशिरा छापलेले भाव

मित्रांनो, मी एक जुनी छपाईची मशीन आहे. बीड जिल्ह्यात कडा गावाला, बाजाराच्या रस्त्यावर पत्र्याचा एक गाळा आहे, तिथं राहते. माझी गोष्ट सांगते, पण मधेच आवाज कापला तर समजून घ्या. मला सध्या लई भीती वाटते. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसली भीती? लोखंडालाच असते. लोखंड किलोवर विकतात.

माझा जन्म फरीदाबादचा. आधी काही वर्षं हैदराबादला लग्नपत्रिका छापल्या. मग अर्जुनरावांनी मला सेकंडहँड घेतलं आणि टेम्पोत घालून इकडं आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला हळदकुंकू लावलं, पण नारळ मात्र उंबऱ्यावर फोडला. म्हणाले, "हिला लागंल."

मी छापायचे 'दावण' नावाचं मासिक. जनावरांच्या धंद्याचं. कोणत्या बाजारात बैल, म्हैस, बोकड किती रुपयांना गेलं, पेंडीचे दर काय, कोणत्या महिन्यात कोणती लस टोचायची, हे सगळं त्यात. शेतकरी वाचायचे, मेंढपाळ वाचायचे, हेडी वाचायचे. हेडी म्हणजे जनावरं घेणारे-विकणारे व्यापारी. तीन हजार अंक निघायचे. अंकाच्या दिवशी माझे रोलर तापायचे आणि अर्जुनराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "वाघीण हाय ही!" तेव्हा मला कसलीच भीती नव्हती.

आमचं पोट कसं चालायचं ते सांगते. वर्गणीत फक्त कागद आणि टपाल भागायचं. शाई, वीज, माझं तेल, अर्जुनरावांचं घर, हे सगळं जाहिरातींवर. आणि मोठ्या जाहिराती हेड्यांच्या. मागच्या पानावर भागवतशेठ. हातात बैलाची वेसण धरलेला फोटो. बारा वर्षं तोच फोटो, बारा वर्षं केस काळे.

मग अर्जुनरावांची मुलगी रोहिणी कॉलेज करून घरी आली. एक दिवस तिनं माझ्या कागदाच्या फळीवर फोन ठेवला आणि म्हणाली, "आबा, महिन्यापूर्वीचे भाव कोण वाचतंय? आपण फोनवर टाकू."

मी त्या फोनकडं बघितलं. एवढंसं ते. त्याला शाई नको, तेल नको, जागा नको. माझ्या आतलं तेल गार पडलं.

आता आमच्या बाजाराची एक रीत ऐका. जनावराचा भाव तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. रोहिणी काय करायची, सौदा झाला की विकणाऱ्याला गाठायची, "मामा, कितीला गेलं?" विचारायची आणि तिथूनच फोनवर टाकायची. दहा वाजता विकलेल्या बोकडाचा भाव सव्वादहाला सगळ्या तालुक्यात. बघणारे झाले एकोणीस हजार.

एकोणीस हजार! आणि पैसे? एक रुपया नाही. पेंडवाल्या दुकानदाराला तिनं जाहिरात मागितली तर तो म्हणाला, "ताई, फोनवरचं बोटानं वर सारलं की गेलं. त्याला पैसे कशाचे?"

तिकडं फुकट मिळतंय म्हणून इकडं वर्गण्या तुटायला लागल्या. तीन हजाराचे अठराशे झाले. अठराशेचे आठशे. दर महिन्याला कागदाचा गठ्ठा बारीक व्हायचा आणि मी मनात मोजायचे.

एका दुपारी भागवतशेठ गाळ्यात आले. चहा घेतला नाही.

"अर्जुनराव, तुमच्या लेकीनं आमच्या उपरण्याखालचं गावाला दावलं."

"शेठ, भाव तर आमी बी छापतच होतो की."

"तुमी महिन्यानं छापता! तवर जनावर दोनदा इकून झालेलं असतंय. ते छापलं काय न् न्हाई काय. फोनवरलं बंद करा. आमच्या पाची हेड्यांच्या जाहिराती पहिल्यासारख्या चालू. न्हाईतर आजपासून बंद."

मित्रांनो, मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, मी चांगलं छापते म्हणून जाहिराती येतात. तसं नव्हतं. मी उशीर करते, म्हणून यायच्या.

तरी खरं सांगते. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा अर्जुनराव, हो म्हणा, तो फोन बंद करा. भीती लागली की असंच सुचतं.

तेवढ्यात छबुबाई आत आल्या. धनगरवस्तीवर शेळ्या राखतात, वर्गणी भरायला स्वतः चालत येतात. शेठला बघून पदर सावरला आणि हसल्या.

"शेठ बी हितंच का? अर्जुनदादा, मागल्या बाजारी बोकड घेऊन गेलते. शेठनं उपरण्याखाली चार बोटं दाबली, चार हजार. म्या म्हणलं, शेठ, पाचवं बोट घरी इसरलं जनू! फोनवर सकाळीच पाच हजाराचा भाव बघितलता म्या."

"बघा, ह्येच!" शेठ उठले. "ह्या बाईनं भर बाजारात मला येडा केला!"

"केला न्हाई, शेठ. हुतावच," छबुबाई म्हणाल्या.

अर्जुनरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग ते म्हणाले, "शेठ, तुमचा फोटो काढतो मागच्या पानावरनं. लई दिवस झाले, केस बी पिकले असतील."

शेठ गेले. जाहिराती गेल्या. पुढचे दोन महिने अंकच निघाला नाही. माझ्या रोलरवर शाई वाळून खडा झाली. पत्र्यावर काही वाजलं की मला वाटायचं, आले.

आणि तो आलाच. लखन भंगारवाला, अर्जुनरावांनीच बोलावलेला. त्यानं मला पान्यानं टकटक वाजवून बघितलं, जसं कलिंगड बघतात. "चांगली वजनदार हाय बे," असं त्याच्या ड्रायव्हरला म्हणाला. मग खाली बसून माझ्या पायांचे बोल्ट सोडायला लागला. एक सुटला. दुसरा सुटला. तिसरा सुटला. चौथा गंजलेला होता, तो निघेना.

रोहिणीनं तेवढ्यात फोटो काढला आणि खाली लिहिलं, छापील 'दावण' बंद, मशीन आज भंगारात.

पहिला फोन छबुबाईंचा. इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मला सुद्धा ऐकू आलं.

"आगं पोरी, मंग पैसे मागितले कावून न्हाईत? फुकट देताव म्हणून फुकट घेतलं! आन् लशीचं पान? ते गोठ्यात खिळ्याला लागतंय मला. फोन तर पोरगा रानात घेऊन जातोय."

मग दुसरा फोन आला, तिसरा आला. अर्जुनराव खाली बसले आणि पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत राहिले. रोजचे भाव फोनवर, पण वर्गणी भरणाऱ्यालाच. आणि छापायचं ते तीन महिन्यांनी एकदा, फक्त खिळ्याला टांगावं असं. लशीचं वेळापत्रक, रोग, औषधं. पेंडवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "तीन महिने गोठ्यात माझं नाव राहणार असंल तर देतो जाहिरात."

अर्जुनराव लखनला म्हणाले, "तीन महिन्यांनी ये. हजार वर्गण्या झाल्या तर रिकामा जाशील. न्हाई झाल्या तर घेऊन जा."

"मग बोल्ट परत कशाला आवळू?" लखन हसला. "यावंच लागतंय मला."

आज वर्गण्या तीनशे चाळीस आहेत. मित्रांनो, तुमच्या फोनवर जे फुकट येतं, त्यासाठी कुणीतरी उन्हात बाजारात उभं असतं आणि कुठंतरी त्याचा खर्च चालू असतो. ते बंद पडल्यावर हळहळू नका. चालू आहे तोवर विचारा, आम्ही काय द्यायचं?

आता मी नवा अंक छापतेय. एका बोल्टवर उभी आहे, म्हणून छापताना सगळं अंग हलतं. तुमच्या हातातल्या पानावर अक्षरं जराशी थरथरलेली दिसली तर डोळे चोळू नका. ती मीच आहे.