कारागीर नावाचा तक्ता

कागदोपत्री त्या कारखान्याचे सगळे शर्ट एकटा मल्लेश शिवत असे. पांढरे, निळ्या रेघांचे, अर्ध्या बाह्यांचे, पूर्ण बाह्यांचे. चलनांवर, पावत्यांवर, संगणकातल्या जुन्या फायलींत, सगळीकडे शिवणाऱ्याच्या जागी त्याचेच नाव होते. "सगळे एकटाच?" असे मी भोळेपणाने विचारले, तेव्हा पॅकिंगच्या खोलीतली माणसे पोट धरून हसली. मल्लेशही हसला. त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तो मुकादम होता. कापलेल्या कापडाचे गठ्ठे टेम्पोत टाकून तो वस्त्यांमध्ये नेई आणि काही दिवसांनी शर्ट परत आणी. या दोन फेऱ्यांच्या मधे जे घडत होते, त्याला कारखान्याच्या भाषेत शब्दच नव्हता.

मी तेव्हा माहिती प्रणालीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. अर्धे संगणकशास्त्र, अर्धे व्यवस्थापन. संगणकशास्त्राची मुले आम्हाला 'हिशेबनीस' म्हणून चिडवत आणि वाणिज्यची मुले 'वायरमन' म्हणून. एसटीच्या डेपोत इंजिने उघडण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या वडिलांनी प्रवेशाच्या दिवशी विचारले होते, "बुद्धप्रिया, हे शिकून तू नेमकं काय दुरुस्त करणार?" पहिल्याच सत्रात एक वाक्य कानावर आले आणि मी या विषयाची होऊन गेले: प्रणाली म्हणजे यंत्र नव्हे, कोण काय करतो, कोणाला काय कळते आणि कोणापासून काय झाकले जाते, याची ती रचना. शहराकडे पाहण्याची एक थंड, धारदार नजर त्या वाक्याने मला दिली. गिरणीच्या बंद चिमणीखालून जाताना, बाजार समितीबाहेर ताटकळलेल्या ट्रकांच्या रांगेजवळून जाताना मी तेच पाहू लागले: इथे काय झाकले आहे?

शेवटच्या वर्षी एखाद्या खऱ्या संस्थेसाठी प्रणाली तयार करावी लागे आणि त्या संस्थेचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र जोडावे लागे. प्रमाणपत्र नाही तर तोंडी परीक्षा नाही, तोंडी परीक्षा नाही तर पदवी नाही. बहुतेक जण महाविद्यालयाजवळच्या दुकानातून तयार प्रकल्प विकत घेत. कोणा एका ग्रंथालयाची एकच प्रणाली, त्याच चुकांसह, दर वर्षी नव्या नावाने उत्तीर्ण होत असे. मला तसले उधारीचे ग्रंथालय नको होते. म्हणून मी त्या गणवेशाच्या कारखान्यात गेले, आणि मल्लेशच्या टेम्पोत बसून वस्तीतही गेले.

वस्तीत पत्र्याखाली शिलाई यंत्रे एकमेकींना खेटून धावत होती. बायका मान वर न करता बोलत होत्या. त्यांचे दुःख एकच होते: एखादी कॉलर वाकडी निघाली की अख्ख्या गल्लीचे शर्ट परत येत. कोणी चुकवली ते कोणालाच ठाऊक नसल्यामुळे उसवायला सगळ्यांनी बसायचे. मला तोडगा सोपा वाटला. प्रत्येक गठ्ठ्याला एक छापील चिठ्ठी, चिठ्ठीवर शिवणारीचे नाव. वाकडी कॉलर ज्या हाताची, त्याच हाताकडे परत. त्यासाठी प्रणालीत एक तक्ता हवा होता. त्याला मी 'कारागीर' असे नाव दिले.

"माझं नाव घालू नगंस," फुलाबाई म्हणाली. गल्लीतले पहिले यंत्र तिचे होते. "मी नुसती बसती. शिवती ती सून."

"मग सूनबाईंचं नाव सांगा की, मावशी."

"तिचं कशाला? कंपूटरमदी नाव गेलं की ती माझं ऐकायची न्हाय."

"आता तरी कुटं ऐकतीय?" आतून सुनेचा आवाज आला. गल्ली हसली. सुनेचे नाव संस्कृती. तक्त्यातली पहिली नोंद तिची झाली. पहिली चिठ्ठी छापून आली, तेव्हा तिने ती गठ्ठ्याला न लावता आधी भिंतीवरच्या आरशात खोचली, थोडा वेळ पाहिली, मग काढून गठ्ठ्याला लावली.

कारखान्याचे मालक मानसिंगराव यांना मी प्रणाली दाखवली, तेव्हा ते खरोखर खूश झाले. गठ्ठा कुठे आहे, किती शिवून झाला, कोणत्या शाळेचा माल अडला आहे, सारे एका पडद्यावर दिसत होते. त्यांनी माझ्यासाठी सरबत मागवले.

"झकास केलंयस, बाळ. फक्त ही बायकांची नावं काढ."

"का, सर?"

"काम मी मल्लेशला देतो. तो कुणाकडून करून घेतो, ते मला माहीत नाही."

"पण वाकडा शर्ट परत कोणाकडे जाणार?"

"मल्लेशकडे."

"मल्लेश शिवत नाही, सर."

"कागदावर शिवतो." मग पेन खाली ठेवून ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ. नाव लागलं की त्याचा माणूस होतो. माणूस झाला की त्याला ओळखपत्र लागतं, सुट्टी लागते, फंड लागतो. मी शर्ट विकतो, बाळ. ते नावांचं टेबल काढ आणि शिक्का घेऊन जा."

सरबत गोड होते. मी ते अर्धे ठेवून उठले.

माझे मार्गदर्शक आदिनाथ सर वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. एप्रिलच्या उन्हाने प्रयोगशाळेचे पडदे पिवळे पडले होते आणि त्यांच्यापुढे तपासायच्या ग्रंथालयांचा ढीग होता.

"ग्राहकाला हवं ते द्यायचं. आवश्यकता-विश्लेषण म्हणजे दुसरं काय असतं?"

"प्रणालीचा परिणाम ज्यांच्यावर होतो, त्यांनाही विचारायचं असतं, सर. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. परीक्षेत लिहायला." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक टेबल गेल्यानं तुझा एक मार्क जाणार नाही. शनिवारी सही-शिक्का आण. जमत नसेल तर खाली दुकान आहे. कसला हट्ट धरून बसलीयस?"

"एका टेबलाचा, सर."

"मग पदवीशिवाय बस त्या टेबलावर," मागून कोणीतरी म्हणाले, आणि प्रयोगशाळा फिसकन हसली.

घरी येऊन मी संगणक उघडला. तक्ता नाहीसा करायला एक ओळ पुरते. ती ओळ मी लिहिली. कर्सर तिच्या टोकाशी लुकलुकत राहिला, एखाद्या शहाण्या नातेवाइकासारखा: दाब, दाब, सगळेच दाबतात. आणि मला दिसत होते की, त्या ओळीत हिंसेचा कसलाही आवाज नव्हता. कोणी ओरडणार नव्हते, काही फुटणार नव्हते. इतक्या स्वच्छपणे माणसे पुसता येतात, हे मला तीन वर्षे शिकवले गेले होते; पुसावीत का, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मी ओळ खोडली. अक्षर अक्षर, मागून पुढे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीत गेले. चिठ्ठ्या बंद होणार आणि का होणार, हे त्यांना माझ्याच तोंडून कळावे असे मला वाटत होते. मी बोलत असताना यंत्रे एकेक करून थांबली. शेवटचे बसव्वाचे थांबले. बसव्वा मूळची दुधनीकडची; बोलताना तिच्या मराठीतून कन्नड डोकावे. गल्लीतल्या बचत गटाची ती अध्यक्ष होती.

"कुनाचा शिक्का पायजे म्हनलीस?"

"ज्या संस्थेसाठी प्रणाली केली, तिचा."

"आनि आमी कोन हाय? आमचा गट संस्था न्हाय व्हय?" ती आत गेली आणि पिशवीतून गोल शिक्का आणि निळ्या शाईची डबी घेऊन आली. "बँकेला चालतंय ह्ये. तुज्या कालेजला न्हाय चालत?"

महाविद्यालयाच्या नियमांत 'कंपनी' असा शब्द नव्हता. 'संस्था' असाच होता. मी मनातल्या मनात ते कलम पुन्हा वाचले. छातीत काहीतरी उजेडासारखे हलले, आणि लगेच भीतीही.

ती भीती फुलाबाईने बोलून दाखवली. "मालकाला कळलं म्हंजी गठ्ठं बंद. हिची डिगरी हुईल, आन आमी बसू हात चोळत."

तिचे खरे होते. माझ्या हट्टाचा दंड दुसऱ्यांच्या हातांनी भरायचा, ही गोष्ट मला त्या क्षणी फार जड वाटली, आणि मी म्हणाले, "राहू द्या, मावशी. मी दुसरं काही बघते."

"दुसरं काय बघतीस?" संस्कृती उंबऱ्यात उभी होती. "करू द्या की बंद. जूनमदी शाळा उघडत्यात. तवा शर्ट कोन शिवनार, मल्लेश?"

हसणे आधी फुलाबाईलाच फुटले. ते तिला आवरेना. तिने पदर तोंडाला लावला.

बसव्वा मात्र हसली नाही. शिक्का तिने मुठीत धरला होता. "माझं एक ऐक. खोटं ब्याड, नगं. ह्यो शिक्का मी खोट्या कागदावर मारनार न्हाय. आमच्यासाठी केलंय म्हनतीस, तर आमच्यासाठी कर."

या अटीने मला जागे केले. तोवर मी जी प्रणाली वाचवायला निघाले होते, ती मानसिंगरावांचीच होती; तिच्यात या बायकांना मी फक्त जागा मागत होते. आता ती उलटी करायची होती. शनिवारपर्यंत मी यंत्रांच्या खडखडाटात, फुलाबाईच्या पाटावर बसून तिची पुनर्रचना केली. कोणाच्या घरी गठ्ठा जाईल, ते गट ठरवील. कोणाचे बाळंतपण, कोणाचे डोळे दुखतात, कोणाचे यंत्र बिघडले, याची नोंद गट ठेवील. कारागीर मधोमध आले. 'ग्राहक' नावाचा एक छोटा तक्ता कडेला झाला, आणि त्यात मानसिंगरावांचा कारखाना ही एक नोंद झाली. मल्लेश 'वाहतूक' या रकान्यात गेला. त्याला दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "ह्ये बरं हाय. माझं शिवनकाम एकदाचं सुटलं."

शुक्रवारी मात्र तो मोकळा टेम्पो घेऊन आला. बातमी पोचली होती, गठ्ठे बंद झाले होते. "कागदावर कुनाचा शिक्का बसनार म्हनून इचारत हुते मालक," तो म्हणाला. "मी म्हनलं, मला वाचता येत न्हाय."

बसव्वाने मोकळ्या टेम्पोकडे एकदा पाहिले आणि प्रमाणपत्रावर शिक्का मारला. इतक्या जोराने, की खालचा पाट हलला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. गटाच्या वतीने बसव्वाने संस्कृतीला माझ्याबरोबर पाठवले होते. ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. आदिनाथ सर माझ्या प्रमाणपत्राकडे न पाहता पंख्याकडे पाहत होते.

"बचत गट?" परीक्षकांनी कागद उजेडात धरला. "व्यवसाय कुठे आहे यात? पदवीचा अर्धा भाग व्यवस्थापनाचा आहे."

"शहरातल्या मुलांचे गणवेश इथे शिवले जातात, सर. काम, वेळ, गुणवत्ता, वाटप, सगळं आहे. व्यवसायाला जी नावं लावायची नव्हती, तेवढीच जास्तीची आहेत."

"भाषण नको. चालवून दाखव." त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "ही पहिली नोंद. ही काढून टाक."

पहिली नोंद संस्कृतीची होती. भिंतीजवळ घडी घातलेले हात सुटल्याचे मला न वळता कळले. मी नोंद निवडली आणि काढण्याची आज्ञा दिली. पडद्यावर वाक्य उमटले: 'या कारागिराने शिवलेले शर्ट नोंदवलेले आहेत. नोंद काढता येणार नाही.'

"पुन्हा कर."

तेच वाक्य आले. त्यांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि स्वतः प्रयत्न केला. वाक्य तसेच उभे राहिले.

"ॲडमिनला तर काढता येत असेल?"

"ॲडमिन बसव्वा आहेत, सर. त्यांनाही येत नाही. काम झालं आहे तोवर नाव आहे, असा नियम प्रणालीच्या मुळातच घातलाय. तो वरून बदलता येत नाही."

आदिनाथ सरांनी पंख्यावरून नजर काढली. "विदेची अखंडता. डेटा इंटिग्रिटी," ते हळूच म्हणाले, जणू ते स्वतःच शिकवलेला धडा पहिल्यांदा ऐकत होते. "बरोबर बांधलंय तिनं."

परीक्षकांनी गुणपत्रिकेत 'उद्योगाशी संबंध अपुरा' असा शेरा मारला आणि उत्तीर्ण होण्याइतके गुण दिले, त्याहून फार नाहीत. मग निळ्या गोल शिक्क्याखाली त्यांनी आपली सही केली. मागे संस्कृतीने श्वास सोडला. तो साऱ्या खोलीला ऐकू गेला.

पेनाला टोपण लावता लावता त्यांनी विचारले, "हे असं त्या कारखान्याच्या मालकांना चालणार आहे का?"

"त्यांना विचारलेलं नाही, सर," मी म्हणाले. "ते ग्राहक आहेत."