जपानचा विसार

सारजाबाईंनी हैबतरावांचा वजनकाटा दोन्ही हातांनी उचलला, खळ्याबाहेर नेला आणि बांधावर ठेवून दिला. पोत्याचं तोंड शिवत बसलेल्या शेजारच्या रेश्माची सुई हातातच राहिली. टेम्पोतून अर्धा उतरलेला हमाल पुन्हा आत जाऊन बसला.

"अवो वहिनी, मुद्दाम आणलाय काटा," हैबतराव म्हणाले. "तुमच्याच सोयीसाठी. उगं तुमी कशाला तरास घ्यायचा?"

"सोय लई झाली, हैबतराव. गेल्या सालापतुर पोत्यामागं दोन किलो त्या सोयीत गेलं. आता आमचा काटा हाय."

हैबतरावांना राग आला नाही. त्यांना तो कधीच यायचा नाही. पौडात त्यांचं भाताचं दुकान आणि गिरणी. कासारसाईच्या अंगाचं निम्मं भात त्यांच्याच टेम्पोतून जायचं आणि पुण्यात दुप्पट भावानं तांदूळ होऊन विकलं जायचं. असा माणूस चिडून कसा चालेल? ते नुसते हसले. त्यांचं हसणं म्हणजे दात दिसायचे नाहीत, डाव्या बाजूची मिशी तेवढी वर जायची. ती गेली की ओळखावं, गड्याला काहीतरी कळलंय आणि ते आपल्याला कळायचं बाकी आहे. सारजाबाई तीस वर्षं ती मिशी बघत आल्या होत्या.

"बरं, तुमच्या काट्यावर घाला," ते म्हणाले. "पर आज घाला. आजचा भाव आज. उद्या ह्योच देईन असं न्हाई."

"सांगते. जरा दम धरा."

"जपानचा फोन यायचाय व्हय?"

हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं, त्यामुळे लपवण्यात काही अर्थ नव्हता. सारजाबाईंची सून शुभांगी गावातल्या महिला बचत गटाची सचिव. शेतकऱ्यांच्या अभ्यास सहलीबरोबर ती आठवड्यापूर्वी जपानला गेली होती. गटाच्या बायकांनी स्वतःचा काटा घेतला तेव्हा वजनातली लूट थांबली, पण खरी मेख गिरणीत होती. गावातल्या जुन्या गिरणीत इंद्रायणीचा दाणा मोडायचा, पोत्यातली निम्मी कणीच निघायची आणि कणी कोण घेतं? म्हणून मुकाट्यानं भातच हैबतरावांना घालायचं. जपानात कपाटाएवढं एक यंत्र मिळतं, दाणा न मोडता साल काढतं, खडा वेचतं, हे शुभांगीनं फोनवर बघून ठेवलं होतं. तिथल्या प्रदर्शनात ते मांडलेलं सापडलं. मांडणीतलं म्हणून स्वस्तात द्यायला विक्रेता तयार झाला, मात्र आज प्रदर्शन उठायच्या आत अडीच लाख येन विसार द्यायचा. बाकीचे गटानं बँकेतून सावकाश पाठवायचे.

शुभांगीला पाठवायला घरात कुणीच राजी नव्हतं. मुलगा मनीष गप्प बसला होता, भावकी हसली होती. "ती जाईल आणि यंत्र घेऊन येईल," असं भर चावडीसमोर ओरडून आल्या होत्या त्या सारजाबाई. आता सून हात हलवत आली असती, तर विमानाचं तिकीट जन्मभर तिच्या डोक्यावर मोजलं गेलं असतं.

फोन वाजला. पडद्यावर आधी शुभांगीचा कान आला, मग कपाळ, मग सगळी शुभांगी. मागं दिव्यांचा झगमगाट आणि खोकी बांधायची गडबड.

"आई, कार्ड चालंना."

"चालंना म्हंजे?"

"कार्डाच्या यंत्रात घातलं, पिन टाकली, अन् नकार आला. दोनदा केलं. तुमच्या फोनवर बँकेचा मेसेज आलाय का बघा."

परदेशात आपलं सिम महाग पडतं म्हणून शुभांगी ते सासूच्या फोनात घालून गेली होती. बँकेचं जे काही येईल ते इकडंच येत होतं. रेश्मा सुई पोत्यात खोचून धावत आली आणि फोनवर वाकली.

"आलाय की. व्यवहार नाकारला. मर्यादेच्या वर." तिनं आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. "काकी, एक लाख त्रेपन्न हजार मागितल्यात."

"अगं, पर कार्डावर दीडच लाख हायेत!"

"तेच तर!" शुभांगीचा आवाज चिरकला. "मी बँकेत जाऊन तीनतीनदा विचारलं होतं. परदेशातल्या खर्चावर आपली बँक साडेतीन टक्के कापती, वर त्याचा कर. सगळं धरून दीड लाखाच्या आत बसत होतं. हे वरचं कुटनं आलं?"

रेश्मा म्हणाली, कार्डात थोडे पैसे भरू या का. पण रविवार होता, गटाचे पैसे बँकेत अन् मनीष कामावर. शुभांगीच्या पाठीमागं सहलीतलाच नगरकडचा एक बागायतदार येरझाऱ्या घालत होता. यंत्र त्यालाही आवडलं होतं आणि त्याच्या कार्डाला मर्यादेची अडचण नव्हती. तो वाईट माणूस नव्हता, दोनदा "ताई, तुमचं होऊ द्या आधी," म्हणाला होता. पण तिसऱ्यांदा कोण म्हणेल?

हैबतराव दोन पावलं जवळ आले. ऐकू येईल इतपत जवळ.

"भरायचं का मग?" त्यांनी हमालाला नव्हे, सारजाबाईंना विचारलं. स्वर अगदी मऊ होता.

सारजाबाईंनी मान वळवली. समोर भाताची रास होती, पलीकडं धरणाचं पाणी आणि त्याच्याही पलीकडं हिंजवडीचे उंच उंच मनोरे. त्या मनोऱ्यांत राहणारी माणसं हेच भात खात होती, हैबतरावांच्या पिशवीतून. एवढी मोठी रास आपली, आणि भाव मात्र दुसऱ्याचा. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"शुभे, रडू नगं," त्या म्हणाल्या, आणि मग कळलं की शुभांगी रडत नव्हतीच. "ते कार्डाचं डबडं काय विचारतंय, मला दाखव बरं."

शुभांगीनं फोन फिरवला. काळ्या सुटातला एक पोरसवदा विक्रेता दिसला. त्यानं आधी कमरेत वाकून सारजाबाईंना नमस्कार केला. मग शुभांगीनं कार्डाचं यंत्र जवळ धरलं. छोट्या पडद्यावर दोन चौकटी होत्या.

"हितं येन, हितं रुपये," शुभांगी म्हणाली. "दोन्ही येतंय. हे बाबा दर वेळी रुपयाच्या चौकटीवर बोट ठेवत्यात. लई आदबीनं करत्यात. म्हणत्यात, पाहुण्यांना त्यांच्या देशाच्या पैशात आकडा दिसला की बरं पडतं. तुमच्याच सोयीसाठी."

सारजाबाईंची नजर सहज वर गेली.

हैबतरावांची डावी मिशी वर गेली होती.

ती लगेच खाली आली. हैबतरावांनी टोपी काढून झटकली, आभाळाकडं पाहिलं, धोतराला लागलेलं कुसळ काढलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तीस वर्षं बघितलेली मिशी सारजाबाईंना चुकते काय!

"शुभे," त्या सावकाश म्हणाल्या, "येनाचं रुपये केलं कुणी?"

"म्हंजे?"

"आपल्या बँकेनं केलं, का त्या डबड्यानं?"

फोन हलला, शुभांगी डोळे बारीक करून वाचत होती.

"डबड्यानंच, आई. खाली बारीक अक्षरात लिहिलंय. दर त्यांचा. त्यात त्यांचा नफा धरलेला."

"मग काटा त्येचा झाला की गं!" सारजाबाई एवढ्यानं ओरडल्या की टेम्पोतला हमाल बाहेर डोकावला. "आपलं भात आन् काटा त्येचा! घालू नगंस त्यावर. येन दाब."

"पण रुपयात किती जातील ते आत्ता कळायचं न्हाई."

"न कळू दे. मोजणार आपली बँक. ती काय धर्मादाय करत न्हाई, ती बी कापती. पर तिची काप आपल्याला ठावं हाय, तू तीनदा इचारून आलीस. दाब येन."

विक्रेता पुन्हा रुपयावर बोट न्यायला लागला. बिचाऱ्याच्या मनात काही लबाडी नव्हती, पाहुण्यांना असंच विचारायचं असतं एवढंच त्याला शिकवलेलं. शुभांगीनं हात आडवा धरला, मान हलवली आणि स्वतः येनाची चौकट दाबली. पिन टाकली.

खळ्यावर कुणी हललं नाही. रेश्मानं फोन असा धरला होता की तो निसटून पळेल. हैबतरावसुद्धा टोपी हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्या तोंडाकडं बघून त्यांना काय व्हावंसं वाटतंय ते सांगता आलं नसतं.

फोन टुणकन वाजला.

"दोन लाख पन्नास हजार येन," रेश्मानं वाचलं. "खर्च झाले. झाले, काकी! गेले!"

पैसे गेले म्हणून एवढा आनंद त्या खळ्यावर कधी झाला नसेल. रेश्मानं जवळचं सूप उचलून वर भिरकावलं, ते पेंढ्यावर जाऊन पडलं. शेजारच्या वावरातल्या गटाच्या बायका काय झालं, काय झालं करत बांध ओलांडून आल्या आणि काय झालं ते कळायच्या आधीच नाचायला लागल्या. पडद्यावर विक्रेता कमरेत वाकला, त्याचं बघून शुभांगी वाकली, म्हणून तो पुन्हा वाकला, म्हणून ही पुन्हा. दोघांतलं कुणी थांबेना. नगरचा बागायतदार टाळ्या वाजवत होता. सारजाबाईंनी पदर खोचला आणि त्यांनीही फोनला वाकून नमस्कार घातला.

"आई," शुभांगी धापा टाकत म्हणाली, "मला हितं उभं राहून दिसलं न्हाई. तुम्हाला तितं बसून कसं कळलं?"

"हितं एक जाणकार मानूस उभा हाय. त्येंची किरपा," सारजाबाई म्हणाल्या. "तू आधी पावती घे. आन् काईतरी खाऊन घे, तोंड बघ कसं सुकलंय."

हैबतराव टेम्पोकडं निघाले होते. सारजाबाईंनी त्यांना हाक मारून बसवलं. किटलीतला चहा त्यांना दिला, हमालाला दिला आणि स्वतःचा कप घेऊन समोर उभ्या राहिल्या. बाकीच्या बायका राशीपलीकडं यंत्र कुठं ठेवायचं यावरून आत्ताच भांडायला लागल्या होत्या.

"हसलात कशाला, हैबतराव? तोंड मिटून ऱ्हायला असता तर आज रास तुमची होती."

हैबतरावांनी चहावर फुंकर घातली. बराच वेळ घातली.

"आपल्या हक्काच्या गिऱ्हाइकाला परक्यानं बनवल्यालं बघवलं न्हाई," ते म्हणाले.

सारजाबाईंना आधी संताप आला, मग हसू आलं, आणि हसू जास्त होतं. त्या इतक्या हसल्या की चहा हिंदकळला. हैबतरावांनी कप खाली ठेवला, टोपी नीट बसवली आणि उठले.

"तुमचा पयला तांदूळ निघाला की धा पोती मला ठेवा. दुकानात तुमच्या गटाच्या नावानं लावतो. भाव तुमी सांगा."

"आन् वजन?"

"तुमच्याच काट्यावर."

रिकामा टेम्पो खडखडत चढ चढला. तो पार वळणापाशी गेला तेव्हा सारजाबाईंचं बांधाकडं लक्ष गेलं.

"हैबतराव! काटा ऱ्हायला तुमचा! ओ हैबतराव!"

खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला आणि आत गेला. टेम्पो काही थांबला नाही.

सकाळपासून उभ्या असलेल्या सारजाबाईंचे पाय आता भरून आले. दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून त्या त्या काट्यावरच टेकल्या आणि उरलेला चहा पिऊ लागल्या. काट्यावरचे लाल आकडे लुकलुकले आणि स्थिर झाले. रेश्मानं वाकून बघितलं.

"अगंबाई, काकी! आपल्या काट्यापरीस ह्येच्यावर तुमी बारीक भरताय की!"

"मग ऱ्हाऊ दे ह्यो हितंच," सारजाबाई म्हणाल्या. "सोयीचा हाय."