होतं तसं दार

सुताराने दार दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं, कडेवरून दोनदा रंधा फिरवला आणि मान वर न करता विचारलं,

"होतं तसंच लावायचं ना?"

"हो," ती म्हणाली. "होतं तसंच."

ती बाथरूमच्या चौकटीत उभी राहून चादर काढत होती. दार निघाल्यापासून तिथे दोरीवर एक जुनी निळी चादर टांगली होती, आईने प्रवासात न्यायला म्हणून वेगळी ठेवलेली. चादरीमुळे घरात एक नियम आपोआप पडला होता. आत गेलेल्याने काहीतरी आवाज करत राहायचं. मावशी खोकायची. ती नळ सोडून ठेवायची.

तुटलेली चौकट सुताराने काल बदलली होती. नव्या लाकडाचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. महिनाअखेर घर सोडायचं होतं. आमदारांसाठी बांधलेली घरं ती, आमदार आईच राहिली नाही म्हटल्यावर घर कसं राहणार? निवास कार्यालयातल्या माणसाने फोनवर अदबीने सांगितलं होतं, घाई नाही, फक्त सगळं मूळ स्थितीत असावं. तिने 'मूळ स्थितीत' हे शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिले होते. काही वाटलं नव्हतं. हल्ली काही वाटायचं नाही. ते नंतर वाटेल, असं ती धरून चालली होती.

"ताई, दोन मिनिटं बसता का?"

आईचे सहाय्यक जेवणाच्या टेबलाशी केव्हाचे बसून होते. त्यांच्या चहावर साय धरली होती. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून त्यांना काका म्हणत होती आणि ते तिला ताई. तुमच्यात मोठं कोण ते एकदा ठरवा, असं आई चिडवायची.

"बोला ना, काका. ऐकतेय मी." चादरीची दोन टोकं जुळवत ती म्हणाली.

"उद्या दुपारी बाईंचं विधेयक येतंय."

"माहीत आहे."

"दातवाले मांडणार आहेत."

दातवाले म्हणजे आईच्याच पक्षातले तरुण आमदार. निवडून येण्याआधी लोकांचे दात काढायचे. लोकांना तोंड उघडायला लावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, असं आई म्हणायची. आणि सभागृहात आईला सगळे म्हणायचे दारवाल्या बाई. ती आत शिरली की समोरच्या बाकांवरून कुणीतरी उठून मोठ्या नाटकीपणाने दार धरायचं. "या बाई. आमचंही बाहेरच उघडतं, बघून घ्या!" आई जाताना त्याच्या पाठीवर हातातली फाईल मारायची.

राजकारणात येण्याआधी आई शिक्षिका होती. एकदा शाळेच्या कोठीतून धूर आला तेव्हा ती वर्गाबाहेर होती आणि मुलं आत. मुलं घाबरून दारावर येऊन पडली आणि दार आत उघडणारं. मुलं ढकलत होती तसतसं ते जास्तच घट्ट बसत होतं. बाहेरून आई ढकलत होती. पुढे कुणीतरी खिडकी फोडली, मुलं निघाली, एका मुलीचं मनगट मोडलं, तेवढ्यावर निभावलं. पण आईचं त्या दिवसापासून तेच सुरू झालं. शाळेचं प्रत्येक दार बाहेर उघडलं पाहिजे. नंतर त्यात घरं आली. म्हातारी माणसं बाथरूममध्ये पडतात, दाराला अडून पडतात, बाहेरच्यांना आत जाता येत नाही. म्हणून सरकारने बांधलेल्या घरांतही बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं.

"शाळांचं होऊन जाईल," काका म्हणाले. "शाळांना आता कुणी नाही म्हणत नाही. घरांचं मागे पडलं. बाईंनीच सोडलं ते. समितीत सगळे अडून बसले, बोळ अरुंद आहेत, खर्च वाढतो. तेव्हा बाई म्हणाल्या, बरं, घरं राहू द्या, शाळा तरी द्या. त्यांनीच आपल्या हाताने ते कलम खोडलं. मी शेजारीच होतो."

"मग?"

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मावशी तिथे पाठमोरी बसून मटार सोलत होती. दाणे पातेल्यात पडत होते. त्यांनी आवाज खाली आणला.

"दातवाल्यांना मी काही बोललो नाहीये. पण त्यांनी उद्या उभं राहून खरं काय ते सांगितलं, तर घरांचं कलम परत घालायला कुणी आडवं येणार नाही. समोरचेसुद्धा मान खाली घालून हात वर करतील."

"आपण सगळ्यांना सांगितलंय, झोपेत गेली."

"सांगितलंय. पेपरवाल्यांना मीच सांगितलं. तेव्हा तेच बरोबर होतं."

"आणि आता नाही?"

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालता हातातच ठेवला.

"नदीपलीकडे नवी घरं बांधायला काढलीत, ताई. याच नकाशाची."

तिने चादरीची आणखी एक घडी घातली. इस्पितळाच्या बोळात डॉक्टर बाईंनी तिला बाजूला घेतलं होतं, ते तिला आठवलं. 'थोडं आधी बाहेर काढता आलं असतं, तर...' एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मग तिचा दंड थोपटून पुढच्या रुग्णाकडे गेल्या होत्या. ते अर्धं वाक्य घेऊन ती बाकावर बसलेल्या मावशीकडे आली होती आणि म्हणाली होती, "पडली त्या क्षणीच गेली, मावशी. कुणाला काही करता आलं नसतं." मावशी म्हणाली होती, "बरं."

त्या दिवशी घरात मावशी एकटीच होती. दार तळहाताएवढं उघडत होतं, त्यापुढे नाही. ती ढकलत राहिली होती. शेवटी खालचा पहारेकरी पहार घेऊन वर आला होता.

"दातवाले जे बोलतील ते वेळेबद्दलच असेल ना, काका? किती वेळ गेला, वेळेवर दार उघडलं असतं तर काय झालं असतं."

"त्याशिवाय त्याला अर्थ नाही, ताई."

"आणि मावशी रेडिओ लावून बसेल. आई निवडून आली तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही तिने. उद्याही लावेल."

"मी त्यांना समजावून..."

"काय समजावणार? तू जोरात ढकललं असतंस तर, असं?" तिचा आवाज चढला नाही. "नाही, काका. आई गेली. मावशी आहे अजून."

काकांनी मान हलवली. पण उठले नाहीत. समोरचा कागद त्यांनी उगाच टेबलाच्या कडेशी समांतर करून ठेवला.

फोन वाजला. तिनेच उचलला.

"नमस्कार. मी कुटुंब आधार केंद्रातून बोलतेय. आपल्या घरी अलीकडे एक दुःखद घटना घडली असं कळलं. आता बोलायला वेळ आहे, की मी नंतर फोन करू?"

कोवळा आवाज होता, वाचून दाखवणारा. वाक्य मात्र आईचं होतं. घरात कुणी गेलं की त्या घरी सरकारकडून एक फोन जावा, एवढ्यासाठी आईने दोन अधिवेशनं घासाघीस केली होती. फोनवर काय बोलायचं ते याच टेबलावर बसून लिहिलं होतं. मग आतल्या खोलीतून मोबाइलवरून याच फोनवर लावून बघायची. "उचल. आता तू दुःखी आहेस," असं मावशीला बजावून जायची. मावशीला हसू आवरायचं नाही. "हसू नकोस गं, सरकारी काम आहे," असं आतून आणि फोनमधून एकदमच ऐकू यायचं.

"हॅलो? आहात ना?"

"आहे."

"काय झालं ते सांगायलाच हवं असं नाही. सांगावंसं वाटलं, तर मी ऐकतेय."

"मी ठीक आहे. आभारी आहे."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज झाला.

"घरात आणखी कुणी आहे का?"

हा प्रश्न आईने भांडून घालायला लावला होता. फोन उचलणारा ठीकच असतो, असं तिचं म्हणणं होतं. आत कोण बसलंय ते विचारा.

"आहे," ती म्हणाली. "मावशी आहे माझी."

"त्यांना देता का?"

मावशी नकोच म्हणेल, असं तिला वाटलं होतं. मावशी उठली, हात पुसले, खुर्ची ओढून फोनपाशी बसली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बोला. हो. बहीण माझी... नाही, ती धाकटी. मोठी मी."

मावशी ऐकत राहिली. सुताराचा रंधा चालला होता. लाकडाचे पातळ कुरळे पापुद्रे फरशीवर पडत होते.

"सांगते की. तुम्हाला वेळ आहे ना?" मावशी म्हणाली. "बाथरूममध्ये पडली ती. दाराला टेकूनच पडली. मी बाहेरून ढकलत होते."

रंधा थांबला.

"छे, लगेच कुठली? बोलत होती की. बराच वेळ बोलत होती. मी ढकललं की तिला लागायचं. थांब म्हणायची. मी थांबायचे. मग भीती वाटायची, परत ढकलायचे."

काकांनी चष्मा घातला आणि परत काढला.

"नाही, मुलीला बोलले नाही मी. तिला वाटतंय, पडली तशी गेली. तेवढंच तिला बरं, म्हटलं." मावशीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "आता ऐकतेय ती. इथेच उभी आहे."

ती उभी होती. चादरीची घडी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"काय बोलत होती? काही नाही हो, असंच." मावशीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "म्हणाली, अगं, हे दार आत उघडतं. इतकी वर्षं राहिलो आम्ही इथे. म्हणाली, बघ की गं, आपलंच दार आत उघडतं. आणि हसली. मग मलाही हसू आलं. मग काही बोलली नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. चल, चल, चल, थांब, असं ओरडणं वरपर्यंत येत होतं.

"नाही, मी रडत नाहीये. तुम्ही रडू नका. जेवलात का? मग आधी जेवून घ्या. मी ठेवते आता."

मावशीने रिसीव्हर जागेवर ठेवला, नीट बसला की नाही ते पाहिलं आणि पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन बसली. एक शेंग उचलली, फोडली. दाणे पातेल्यात पडले.

मग सुतारानेच घसा खाकरला.

"ताई, मग कसं करू?"

तिने चौकटीकडे पाहिलं. नवं लाकूड पिवळट होतं, अजून रंग लागायचा होता.

"बाहेर उघडू दे," ती म्हणाली.

"होईल तसं. बिजागऱ्या इकडे घेतो. पण ऑफिसवाले विचारतील हां, होतं तसं का नाही म्हणून."

तिने मावशीकडे पाहिलं. मावशी पाठमोरीच होती.

"विचारलं," मावशी म्हणाली, "तर काय झालं ते सांगायचं."

काकांनी समोरचा कागद हळूच आपल्याकडे ओढला. पेनचं टोपण काढलं, पण लिहायला सुरुवात केली नाही. ते तिच्याकडे बघत थांबले. तिने होकारार्थी मान हलवली.

"जरा धरता का इकडून?" सुतार म्हणाला. "एकट्याला नाही जमायचं. खुणा करून घेतो."

चादर खुर्चीवर ठेवून ती पुढे झाली. त्या दिवसापासून तिने त्या दाराला हात लावला नव्हता. सुताराने एका बाजूने उचललं, तिने दुसऱ्या बाजूने. आतून पोकळ होतं ते. ती समजत होती त्याहून किती तरी हलकं.