हिरवी सही

आमदार श्यामकांत वायंगणकरांवर मी सूड उगवला आणि उगवताना मला मजा आली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बिचारी समजायला नको.

घाटकोपरला त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात मी टायपिस्ट होते. एक गाळा, दोन टेबलं, एक खडखडणारा टाइपरायटर आणि सकाळी आठपासून बाकावर माणसं. कोणाला नळ हवा, कोणाला रेशनकार्ड, कोणाला पोरीचा शाळाप्रवेश. साहेब कोणालाच नाही म्हणत नसत. "नलिनी, यांना पत्र दे गं," एवढं म्हणायचे आणि माणूस काम झाल्यासारखा हात जोडून निघायचा.

डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन नागपूरला. साहेब आणि त्यांचे पी.ए. चंद्रप्रकाश दोघेही तिकडे जात. जाण्याआधी साहेब कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून दोन गठ्ठे माझ्याकडे ठेवत. जाडा गठ्ठा निळ्या शाईतल्या सह्यांचा, तो येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. पातळ गठ्ठा हिरव्या शाईचा, त्याला नागपूरहून फोन आल्याशिवाय हात लावायचा नाही. हे असं का, ते मी कधी विचारलं नाही. चाकरीत पहिल्या दिवसापासून आम्हाला न विचारायचीच सवय.

शहाऐंशीच्या डिसेंबरात आईच्या दोन्ही किडन्या बिघडल्या. सरकारी दवाखान्यात खाट मिळेना. व्हरांड्यात चटईवर तिला ठेवलेलं. मी नागपूरला साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, विचारतेस काय? घे की कागद!" मी स्वतःच्या हातांनी पत्र टाइप केलं आणि आईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण व्हरांड्यातल्या प्रत्येकाला ते ती उलगडून दाखवायची. "आमचा नलू आमदाराकडे कामाक आसा. साहेबाचा पत्र इला. आता माका खाट गावतली."

नऊ दिवसांनी ती त्याच चटईवर गेली. साहेब तेराव्याला आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांच्या पाया पडून रडले होते. ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

पुढच्या नोव्हेंबरात पत्रांचा गठ्ठा घेऊन मी एका सरकारी कचेरीत गेले. तिथले हेडक्लार्क मार्तंडराव एकही पत्र न वाचता दोन ढीग करत होते.

"अहो, वाचा तरी!" मी म्हटलं.

"वाचायचं काय त्यात? रंग बघायचा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हिरवी सही म्हणजे काम करा. निळी म्हणजे माणूस दारात आला होता, कटवलाय, तुम्हीही कटवा. सगळ्या कचेऱ्यांत, दवाखान्यांत माहीत आहे. साहेबांच्या ऑफिसातल्या ना तुम्ही? चेष्टा करता काय राव!"

आईचं पत्र निळं होतं. मला ती सही दिसत होती, तिची शेपटी, तिच्याखालचे दोन ठिपके. मी जिना उतरून खाली आले आणि रस्त्यातच ठरवलं, ह्या माणसाची वाट लावायची. राजीनामा देऊन नव्हे. खुर्चीवर बसून, वेळेवर येऊन.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात साहेब पुन्हा दोन गठ्ठे ठेवून नागपूरला गेले आणि मी कामाला लागले. नाहूरची जया दीड वर्ष चाळीच्या नळासाठी खेपा घालत होती. तिला हिरवा कागद. रत्नप्रभाबाईंचा नवरा गिरणीत काम करताना वारला, त्यांची पेन्शन अडली होती. हिरवा कागद. बाकावरचा जो सगळ्यांत गरीब दिसेल, त्याला हिरवा. आणि नागपूरहून चंद्रप्रकाशचा फोन आला, साहेबांच्या भाच्याची बदली, मेहुण्याचं दुकान, की मी म्हणायची, "हो हो, हिरव्यावरच काढते," आणि घ्यायची निळा. भाच्याचं पत्र टाइप करताना मी चक्क गुणगुणत होते.

मग साहेबांनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडलं. उपनगरांतली खेळाची मैदानं बांधकामाला देऊ नयेत, असा कायदा करा म्हणून. तासभर बोलले म्हणे. पेपरात फोटो आला. त्याच दुपारी चंद्रप्रकाशचा फोन.

"नलिनी, एक हिरवं काढ. आपल्या नंदकिशोर बिल्डरचं. ऑफिसच्या मागच्या मैदानाचं आरक्षण उठवायला साहेबांची हरकत नाही, असं लिही. अर्जंट आहे ना."

इतकं सुंदर पत्र मी आयुष्यात टाइप केलं नव्हतं. एका वेलांटीची चूक नाही. निळ्या सहीवर.

जानेवारीत साहेब परतले तोवर जयाच्या चाळीत पाणी आलं होतं, रत्नप्रभाबाईंची पेन्शन सुरू झाली होती. भाचा मात्र होता तिथेच, आणि नंदकिशोरची फाइल कचेरीच्या तळाला. वस्तीतल्या बायकांनी त्याच मैदानावर साहेबांचा सत्कार ठेवला. विधेयक मांडणारा आमदार, मैदान वाचवणारा आमदार! जयाने माइक हातात घेऊन सांगितलं, "साहेब, आता सगळ्यांसमोर शपथ घ्या, हे मैदान कधीच कोणाला देणार नाही." साहेबांच्या गळ्यात झेंडूचे हार हनुवटीपर्यंत आलेले. समोर पहिल्या रांगेत नंदकिशोर. साहेबांनी शपथ घेतली. नंदकिशोर उठला आणि भाषण अर्धवट टाकून निघून गेला. पुढच्या निवडणुकीला ह्या माणसाच्या गाड्या, ह्या माणसाची माणसं असायची. मी शेवटच्या रांगेतून इतक्या टाळ्या वाजवल्या की तळहात लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. चंद्रप्रकाशला बाहेर पाठवलं.

"कागद बदललेस तू," ते म्हणाले.

"हो."

"का?"

दोन महिने ह्या प्रश्नाची वाट बघत होते मी. सगळं सांगितलं. चटई, नऊ दिवस, निळी सही. "माझी आई तुमच्या शाईने मेली, साहेब. तेराव्याला येऊन तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तोच हात." माझा आवाज चढला होता.

मला वाटलं होतं ते ओरडतील, नाहीतर खोटं बोलतील. दोन्हीची तयारी करून गेले होते.

"निळ्यावर काढलंस?" ते म्हणाले. "आईचं पत्र?"

"तुम्हीच म्हणालात, घे कागद."

"घे म्हणालो ना! नागपूरहून फोनवर म्हणालो, घे! अगं, तू ऑफिसातली, घरातली पोर. मी समजलो हिरवाच घेशील. तो गठ्ठा होता कशाला मग? मला वाटलं खाट मिळूनही गेल्या त्या." त्यांनी चष्मा काढला. "निळ्याला का हात घातलास, नलू?"

का घातला, ते मला माहीत होतं. दोन्ही गठ्ठे माझ्यापुढे होते. पातळातला कागद उचलायला माझा हातच गेला नाही. साहेबांच्या महत्त्वाच्या कामांचे कागद ते, आपल्या घरच्यासाठी त्यातला कशाला संपवायचा, असं मला वाटलं होतं. आईने आम्हाला तसंच वाढवलं होतं. मी जाड्या गठ्ठ्यातला काढला आणि साहेबांचा चांगला कागद वाचवला म्हणून मनात खूशही झाले होते.

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. मीच पर्स उचलून निघाले. निळा गठ्ठा त्यांचा होता, हजारो माणसांना त्यांनी तसंच कटवलं, ते पाप त्यांचंच, हे मला तेव्हाही कळत होतं. पण व्हरांड्यातल्या त्या एका चटईचा राग मला आता त्यांच्यावर पुरा ठेवता येईना, आणि तो राग गेला तर माझ्याकडे दुसरं होतं काय?

घरी माझा भाऊ बाळा वाट बघत बसला होता. त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. आईच्या त्या नऊही रात्री तो चटईशेजारी बसून होता.

"सांगितलंस ना त्याला तोंडावर?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाला हरामखोर?"

मी पायपुसण्यावर चपला काढत उभी राहिले.

"काही नाही," मी म्हटलं. "काही बोलला नाही."