जास्तीचं लव्हाळं

मी कवितांचं एक पुस्तक बोलतोय. जरा जवळ या. माझी पानं भिजून फुगली आहेत, आवाज दबका येतो.

छापखान्यातून निघालो तो कॉलेजच्या वाचनालयात येऊन पडलो. वर्षानुवर्षं मला कुणी हात लावला नाही. मग ताई आली. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो.

तिला परीक्षेसाठी एका कवितेचं रसग्रहण लिहायचं होतं. विषय, बालपण आणि निसर्गाची शक्ती. कवितेतलं मूल रोज तळ्याकाठची लव्हाळी मोजतं आणि रोज एक जास्त भरतं. ताईनं माझ्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, "जास्तीचं लव्हाळं कोण?"

भाऊ सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. शाळा चौथीतच सुटलेली.

"पोरगं गवत मोजतंय, त्यात कसली परीक्षा?"

"पंक्चरशेठ, तुम्ही आपली ट्यूब फुगवा," ताई म्हणायची.

एका सकाळी ती खरंच तळ्यावर गेली. चपला काढल्या, त्यांवर मला ठेवलं आणि मोजत मोजत पुढे गेली. पाय सरकला. पाण्यानं आवाजसुद्धा केला नाही. मला ओरडता येत नाही.

तेव्हापासून मी भावाचा. तो रोज मला इथे आणतो, बोट ठेवून अक्षरं जुळवतो, लव्हाळी मोजतो आणि समासात तितक्या रेघा मारतो. रोज एक जास्त. शपथेवर सांगतो, मीही मोजली आहेत.

माझं शेवटचं पान दंवानं पुठ्ठ्याला चिकटलं होतं. मूल पाण्यात पाय घालतं तिथेच कविता संपते, असं त्याला वाटलं.

"जास्तीची आहे ती ताईच," काल तो आईला म्हणाला. "मी तिला आणायला जातो."

"आणि मी कुणाला हाक मारू रे?" आई म्हणाली.

आज त्यानं चपला काढल्या. मला त्यांवर ठेवलं. गुडघाभर पाण्यात गेला, मोजलं, आणि रेघा मारायच्या राहिल्या म्हणून परत आला. समासात जागाच उरली नव्हती. त्यानं ठिगळं कापायचं पातं खिशातून काढलं आणि शेवटचं पान हळूच सोडवलं.

शेवटच्या कडव्यात तळं मुलाला म्हणतं, आता मोजू नकोस, घरी जा. खाली ताईची पेन्सिल होती, "निसर्ग दुष्ट नाही. तो फार मोठा आहे, आणि त्याला आपलं नाव माहीत नाही."

त्यानं ते दोनदा वाचलं.

"तुला माहीत होतं ना गं? मग पुढे का गेलीस?"

तो अनवाणी घराकडे पळत सुटला. चपला राहिल्या, मी राहिलो.

आता वारा पडला आहे, तरी लव्हाळी हलतायत. आजही एक जास्त आहे. ते माझ्याकडे वळलेलं आहे.

इकडून गेलात तर मला त्याच्या घरी पोचवा. त्या पानावर तिचं अक्षर आहे. फक्त मोजू नका. मला उचला आणि मागे न बघता चालू लागा.