आठवा एप्रन

शनिवारी सकाळी नऊ वाजता आत्माराम दाभाडेच्या दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे हेर फोल्मर. अंगात घरातला गाऊन, हातात कॉफीचा मग, आणि चेहरा हाउसऑर्डनुंगचे, म्हणजे इमारतीचे, नियम वाचून दाखवायला आल्यासारखा.

"हेर दाभाडे, तुमच्याकडे पाहुणे आलेत का?"

"नाही. का बरं?"

"मी पेपर आणायला खाली गेलो होतो. सहज वर पाहिलं, तर तुमच्या बाल्कनीत सात बायका उभ्या. पांढऱ्या कपड्यातल्या." फोल्मरनी एक घोट घेतला. "डोकी नाहीत."

"बायका नाहीत त्या. एप्रन आहेत."

"एप्रन असे उभे राहत नाहीत."

"राहतात. खळ जास्त झाली की राहतात."

फोल्मरना ते पटलं नाही. त्यांनी स्वतः बाल्कनीत येऊन एका एप्रनवर बोटाने टकटक केली. पत्र्यासारखा आवाज आला. "उद्या रविवार आहे," एवढंच सांगून ते जिना उतरले. रविवारी बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, हे आत्मारामला जर्मनीतल्या चाळीस वर्षांत पाठ झालं होतं. बिनडोक्याच्या बायकांबद्दल मात्र नियमात काही नव्हतं.

एप्रन होते शंभर वर्षांपूर्वीच्या नर्सेसचे, म्हणजे त्यांच्यासारखे शिवलेले. झिंडेलफिंगेनजवळच्या या गावाच्या स्टेशनात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या गाड्या थांबत. फलाटाला लागून एक लाकडी दवाखाना होता आणि त्यात आठ नर्सेस होत्या. गाडी आली की सूप वाढायचं, मलमपट्टी बदलायची, ज्यांना पुढचा प्रवास झेपणार नाही त्यांना उतरवून घ्यायचं, आणि पुढची गाडी यायच्या आत फरशी धुवायची. दर नोव्हेंबरात गावातल्या निवृत्त नर्सेस एकेकजण एकेक नर्स होऊन त्या आठजणींचा कार्यक्रम करत. आत्मारामची बायको नीलांबरी त्यांच्यात होती. पुण्यात नर्सिंग शिकून आलेली, इथल्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं काढलेली. एप्रन तिने शिवले, आणि दर वर्षी साबुदाण्याची खळ घालून कडक इस्त्री करून तीच द्यायची.

नीलांबरीला जाऊन चौदा महिने झाले होते. मागच्या वर्षी हॉलचं हीटिंग बंद पडलं म्हणून कार्यक्रमच झाला नाही. या वर्षी मंडळाच्या प्रमुख हेडविग हेगेले यांचा फोन आला, की एप्रन देऊन टाक, आम्ही दुकानातला खळीचा स्प्रे मारू. स्प्रे म्हटल्यावर आत्माराम चिडला. "स्प्रे भिंतीला मारतात," तो म्हणाला. "मी घालतो खळ."

आत्माराम कारखान्यात फिटर होता. हजाराव्या भागापर्यंत माप घेणारा माणूस. पण नीलांबरीची खळ मापात नव्हती, मुठीत होती, आणि ती मूठ त्याने कधी नीट पाहिली नव्हती. त्याने हिशेब केला: कापड जाड, थंडी कडक, एप्रन सात. अर्धा किलोचा अख्खा पुडा बादलीत गेला. रात्रभर बाल्कनीत वाळून, थोडे गोठून, सकाळी एप्रन दोरीवरून काढले तर घडी होईना. म्हणून कठड्याला टेकवून ठेवले.

साडेदहाला हेगेले आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण जिना चढताना कठडा धरायच्या नाहीत. त्यांच्यामागे एक उंच मुलगी होती.

"ही वल्लरी," हेगेले म्हणाल्या. "माझ्या जर्मनच्या वर्गात येते. सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण हात चांगले आहेत."

"नमस्कार काका," वल्लरी म्हणाली. "मी पुण्याची. सॉरी, असं अचानक आले."

आत्माराम तिला बसा म्हणणार, तेवढ्यात हेगेलेंनी बाल्कनी पाहिली. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढला, पुसला, पुन्हा बाल्कनीकडे पाहिलं, पुन्हा काढला.

"आत्माराम," त्या शेवटी म्हणाल्या, "असे कपडे त्या वेळी असते तर गोळ्या आरपार गेल्या नसत्या. आपण युद्ध जिंकलो असतो."

"साबुदाणा किती घेतलात काका?" वल्लरीने विचारलं.

"पुडा."

"अख्खा?" तिने तोंडावर हात ठेवला. "आमच्याकडे चतुर्थीला एवढ्याची खिचडी सहा जणांना होते."

"चला," हेगेले उठल्या. "बाथटब भरा. कोमट पाणी. अर्धी खळ उतरवू आणि ओलसर असतानाच इस्त्री मारू."

पुढचा दीड तास घरात जी धावपळ झाली तशी चौदा महिन्यांत झाली नव्हती. वल्लरी बाह्या सरसावून टबाशी बसली, आत्मारामने पिळले, हेगेलेंनी इस्त्री धरली. न्हाणीघराची फरशी बुळबुळीत झाली, आत्माराम एकदा घसरता घसरता टॉवेलच्या दांडीला लटकला, आणि हेगेलेंनी बाहेरून ओरडून विचारलं, की पेशंट आहे का अजून. एकेक एप्रन नरम होऊन, कडक होऊन, खुर्च्यांच्या पाठीवर जाऊन बसला.

हेगेलेंनी मोजले.

"सात. आठवा?"

"आठवा नाही," आत्माराम म्हणाला.

"फाटला?"

"कपाटात आहे. तो द्यायचा नाही."

इस्त्रीचा चुर्र आवाज थांबला. हेगेलेंनी ती उभी करून ठेवली.

आठवा एप्रन नीलांबरीचा. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमानंतर तिने तो धुऊन, खळ घालून, घडी करून वरच्या खणात ठेवला होता. तीन पदरी घडी, पट्टे आत दुमडलेले. घरातल्या बाकीच्या सगळ्या घड्या एव्हाना मोडल्या होत्या. साड्या मुलीने, मैथिलीने, डार्मश्टाटला नेल्या, चादरी वापरात आल्या. नीलांबरीच्या हाताची एवढी एकच घडी शिल्लक होती. पण हे हेगेलेंना कसं सांगायचं? सांगितलं तर त्या मान हलवतील, गप्प बसतील, आणि ते त्याला नको होतं.

"आठ नसतील तर कसं होईल?" हेगेले म्हणाल्या. "तुला माहीत आहे ना? पट्टे पाठीवर फुली करून बांधायचे असतात. ते स्वतःचे स्वतःला बांधता येत नाहीत. त्या मुली एकमेकींचे बांधायच्या. म्हणून जोड्या. माझी जोडी नीलांबरी होती, आता तिच्या जागी ही वल्लरी. मी उद्या पट्टे लोंबकळत ठेवून उभी राहू?"

"दुसरा शिवून घ्या."

"उद्या दुपारी तीनला कार्यक्रम आहे. दुकानं आता दोन तासांत बंद होतील. आणि हजेरीत फ्रीडाचं नाव आलं की कोण 'हिअर' म्हणणार? नाव गाळायचं?"

फ्रीडा आयशेले ही आठजणींतली सगळ्यात लहान. वय तेवीस. पेशंटचाच ताप लागून गेली. तिने घरी लिहिलेलं एक पत्र फ्रीडा झालेली नीलांबरी दर वर्षी वाचून दाखवायची: 'बिस्किटं पाठवू नका, साबण पाठवा. मी आता उभ्याने झोपायला शिकले आहे.' ते वाक्य वाचून नीलांबरी स्वतःच हसायची. तीही तेविसाव्या वर्षीच इथे आली होती, आणि रात्रपाळीत औषधांच्या कपाटाला टेकून झोपायला शिकली होती.

"काका, राहू दे," वल्लरी मराठीत म्हणाली. "मला समजतंय. मी नाही घालत. खरंच, काही प्रॉब्लेम नाही."

मुलगी समजूतदार निघाली, त्यामुळे आत्माराम जास्तच अडचणीत आला. सरळ नाही म्हणणं त्याला जड जाऊ लागलं. तेव्हा त्याने फिटरचा रस्ता धरला. माप.

"अहो, मी द्यायला तयार आहे," तो म्हणाला, "पण तो हिला व्हायचाच नाही. नीलांबरी पाच फूट. ही पावणेसहा. गुडघ्याच्या वर येईल. नर्स दिसणार नाही, हॉटेलात वाढणारी दिसेल."

"जा, जा," हेगेले म्हणाल्या. "तू मोजलंस?"

"मोजायला कशाला हवं? हे बघा." आणि तो तरातरा आतल्या खोलीत गेला, कपाट उघडलं, एप्रन घेऊन आला आणि झटक्यात वल्लरीच्या खांद्यांना लावून खाली सोडला. "बघा! बघा, कुठे येतोय!"

एप्रन खरंच गुडघ्याच्या वर आला. आत्माराम जिंकला होता. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण काय केलं.

घडी मोडली होती. इतक्या दिवसांत त्या खणाकडे हात नेताना तो जपायचा, आणि आज वाद जिंकायच्या नादात स्वतःच्याच हाताने झटकून मोकळी केली. घडीच्या रेघा तेवढ्या कापडावर राहिल्या होत्या. तो एप्रन धरून तसाच उभा राहिला. वल्लरीही हलेना, कारण एप्रन तिच्या खांद्यांना लावलेला होता.

हेगेले मात्र खाली वाकून एप्रनची कड बघत होत्या.

"आत्माराम, इकडे बघ. चष्मा लाव."

आतल्या बाजूला चार बोटांची दुमड होती. बारीक हातशिलाईने घातलेली. आणि दुमडीच्या आत कापड होतं, बाहेरच्यापेक्षा पांढरं.

"हे काय?" आत्माराम म्हणाला. "तिने आपल्याच मापाने शिवला असता तर दुमड कशाला घातली असती?"

"तिने तिच्या मापाने शिवलाच नव्हता. हा आमच्या मंडळातल्या उंच ओटिलीचा. पहिली तीन वर्षं तीच फ्रीडा व्हायची. नीलांबरी तेव्हा फक्त शिवून द्यायची. तुझी रविवारची पाळी असायची, तू कुठे यायचास? ओटिली गेली तेव्हा तिच्या नवऱ्याने एप्रन परत आणून दिला. नीलांबरी म्हणाली, नवीन नको, हाच आखूड करते."

"मला बोलली नाही कधी."

"तू विचारलंस कधी?"

आत्मारामने ती शिलाई नखाने चाचपली. कापायची असती तर कापता आली असती. तिने कापड कापलं नव्हतं. सगळं आत ठेवलं होतं, पुढच्या कुणा उंच बाईला लागेल म्हणून. नीलांबरी तशीच होती. शाळेचे गणवेशही मैथिलीला दोन-दोन वर्षं दुमड सोडून पुरवायची.

त्याने एप्रन वल्लरीला खांद्यांशी धरायला लावला. टेबलाच्या खणातून त्याने बारीक कात्री काढली आणि तिच्यासमोर खुर्चीवर बसून एकेक टाका उसवायला लागला. हात स्थिर होते. कामाचे हात होते.

"काका, नक्की ना?" वल्लरीने विचारलं.

"सरळ उभी राहा. हललीस तर वाकडं उसवेल."

"मी उभ्याने झोपू का तोवर?"

आत्मारामने वर पाहिलं, आणि त्याला हसू आलं. "पत्र वाचलंस वाटतं."

"फ्राऊ हेगेलेंनी आठवडाभर पाठ करून घेतलंय. माझा उच्चार म्हणे अजून साबणासारखा घसरतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मराठीतलं एक अक्षर न कळताही हेगेले म्हणाल्या आणि त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली.

रविवारी तीन वाजता गावचा हॉल भरला होता. मैथिली डार्मश्टाटहून आली होती आणि वडिलांच्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसली होती. पडदा नव्हताच. आठ बायका पांढरे एप्रन गळ्यात अडकवून आल्या, जोड्या करून उभ्या राहिल्या, आणि एकमेकींचे पट्टे पाठीवर फुली करून बांधू लागल्या. खळ अजून थोडी जास्तच होती. पट्टे गाठीत बसेनात, करकर आवाज यायला लागला, तेव्हा हॉलमधून कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. वल्लरीच्या एप्रनवर गुडघ्यांजवळ दुमडीची रेघ दिसत होती. इस्त्रीने ती गेली नव्हती.

"बाबा, तो आईचा ना?" मैथिलीने हळूच विचारलं. "तुम्ही तर मलासुद्धा हात लावू देत नव्हतात."

"मोडली घडी," आत्माराम म्हणाला. "भांडताना मोडली. नंतर सांगतो."

हेगेलेंनी वही उघडली आणि हजेरी सुरू झाली. एकेक नाव, एकेक "हिअर". सात झाली.

"सिस्टर फ्रीडा आयशेले!"

वल्लरीचं तोंड उघडलं, पण आवाज बाहेर आला नाही. पत्र पाठ, उच्चार पाठ, आणि एक साधा शब्द तेवढा राहिला. हॉल शांत झाला. हेगेलेंनी वहीवरून डोळे उचलले. या नावानंतरची शांतता आत्मारामने कधी ऐकली नव्हती. दर वर्षी तिथे नीलांबरीचा आवाज असायचा, जरा घाईचा, जरा मोठा. ती शांतता त्याला सोसवेना.

"हजर!" तो ओरडला. पिंपरीच्या शाळेत ओरडायचा तसा.

सगळ्या माना वळल्या. त्याच क्षणी वल्लरीचा आवाज सुटला, "हिअर! हिअर!" आणि हॉलमध्ये हशा आणि टाळ्या एकदमच झाल्या.

हेगेलेंनी पेन काढलं. "आल्झो, तर फ्रीडा दोन आल्या," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "बरं झालं. त्या वेळीही माणसं कमीच पडत होती." आणि वहीत खरोखर काहीतरी लिहिलं.

"बाबा," मैथिलीने त्याची बाही ओढली, "खाली बसा ना. सगळे बघतायत."

आपण उभे आहोत हे आत्मारामला तेव्हा कळलं. "बसतो," तो म्हणाला. पण वल्लरीने कागद उघडून पत्र वाचायला सुरुवात केली होती, आणि उच्चार कुठे घसरतोय ते त्याला नीट ऐकायचं होतं, म्हणून तो तसाच उभा राहिला.